त्र्याऐंशी टक्के वाचता आलेली लिपी

ती. अक्का यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (म्हणजे माझाच, तिला दुसरा नाही) साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द मी उगाच वापरत नाही. आठांपैकी एका अंगावर, म्हणजे डाव्या गुडघ्यावर, मांजराने ओरबाडलेलं आहे, आणि हा नमस्कार त्या अंगासकट आहे. मांजराचा विषय पुढे येईलच. तुमची तब्येत ठीक असावी. तुमच्या थंडीतल्या खोकल्याची चौकशी करायला धाकटीने बजावून सांगितलं होतं, ती केली असं समजावं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, बाबा सोडून, आणि हे पत्र बाबांबद्दलच आहे. पण घाबरू नका, कारण सूत्रं माझ्या हातात आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे पत्र मी तुम्हाला बोलावण्यासाठी लिहीत नाही. तुमचं वर्षाला एक कार्ड येतं, त्यात तीन ओळी असतात, तिन्ही धाकटीसाठी असतात, आणि बाबांचं नाव एकीतही नसतं. मी तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासतो आहे. काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते मला आधी दिसतं. तेव्हा तुमच्या आणि त्यांच्या मध्ये पडायची माझी अजिबात इच्छा नाही. तुम्हाला फक्त एका संशोधनाची बातमी द्यायची आहे, आणि ते संशोधन माझं आहे.

बाबांना पाच महिन्यांपूर्वी झटका आला हे धाकटीने फोनवर सांगितलंच आहे. वाचा गेली, उजवा हात गेला. पाय ठीक आहेत आणि डोकं तर नको इतकं ठीक आहे (माझ्या शर्टाच्या कॉलरला सुरकुती दिसली की अजूनही भुवई वर जाते). आता अडचण अशी की लॉन्ड्रीची इमारत पाडणार आहेत. तीस तारखेपर्यंत दुकान आणि मागची खोली रिकामी करून द्यायची आहे. आम्ही आमच्याकडची खिडकीजवळची खोली त्यांच्यासाठी तयार केली, पलंग हलवला, माझं पुस्तकांचं कपाट पॅसेजमध्ये काढलं (रोज अडखळतो). पण बाबा दुकान सोडायला तयार नाहीत. सकाळी उठून कपड्यांच्या मांडणीसमोर स्टूल टाकून बसतात ते संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. कोणी कप्प्याला हात लावला की डावा हात असा आपटतात की इस्त्र्या उड्या मारतात. जेवण दोन घास. त्यांना काहीतरी हवंय, ते मिळाल्याशिवाय ते हलणार नाहीत, आणि काय हवंय ते सांगायला तोंडात शब्द नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यावर एक पुठ्ठा दिला होता. त्यावर चित्रं होती: पेला, पलंग, संडास, हसरा चेहरा, रडका चेहरा. हवं त्या चित्रावर बोट ठेवायचं. बाबांनी तो पुठ्ठा नीट पाहिला, उलटा केला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर शर्टाची घडी घातली. शर्टाच्या घडीला तो पुठ्ठा अगदी मापाचा निघाला. त्यानंतर त्यांनी पांढऱ्या कापडाची एक पट्टी ओढली, ती कपड्यांवर खुणा करायची न जाणारी काळी शाई घेतली, आणि डाव्या हाताने त्यावर तीन चिन्हं काढून माझ्या हातात ठेवली. (कागद नाही, कापड. कागद पाण्यात मरतो, त्यामुळे बाबांनी कागदावर कधी विश्वास ठेवला नाही. माझ्या व्यवसायाबद्दल त्यांचं जे मत आहे त्याचं मूळ इथेच असावं.)

अक्का, ती पट्टी पाहिल्याबरोबर माझ्या अंगावर काटा आला. तुम्हाला माहीतच आहे की लिपी हा माझा छंद. म्हणजे छंद धाकटी म्हणते, मी अभ्यास म्हणतो. जगात हजारो भाषा आहेत आणि त्यातल्या कितीतरी भाषांना स्वतःची लिपीच नाही, हे लोकांना सांगितलं तर लोक घड्याळाकडे बघतात. पण ज्यांना लिपी नव्हती त्यांनी काय काय केलंय! डोंगरातल्या एका राज्यात दोऱ्यांना गाठी मारून कारभार चालायचा. एका प्रांतात बायकांनी आपल्यापुरती वेगळी लिपी चालवली होती, आणि लग्न होऊन लांब गेलेल्या मैत्रिणींना त्या त्यात लिहायच्या. एका बेटावरच्या लाकडी फळ्या तर अजून कोणालाही वाचता आलेल्या नाहीत. आणि एका माणसाने, ज्याला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती, नुसती दुसऱ्यांची कागदपत्रं पाहून आपल्या लोकांच्या भाषेसाठी अक्षरं तयार केली. बारा वर्षं लागली. मध्ये बायकोने त्याचे सगळे कागद जाळले असं सांगतात. (हा तपशील मी धाकटीला सांगायला नको होता. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी विचार म्हणेन.)

आणि इथे माझ्या स्वतःच्या सासऱ्यांच्या दुकानात, पंधरा वर्षं माझ्या नाकासमोर, एक आख्खी लिपी वाळत घातलेली होती! बाबांची भाषा तुम्हाला येते, मला येत नाही. धाकटीलाही येत नाही, कारण ती बोलायला लागेपर्यंत घरातलं बोलणं बदललं होतं. त्या भाषेला नावसुद्धा नाही, बाबा तिला नुसतं ‘बोलणं’ म्हणतात, जणू बाकीचे आम्ही सगळे इतकी वर्षं खोकत होतो. ज्या दरीतून ते आणि आई आले तिथे आता वस्ती राहिलेली नाही. पण धाकटीने मला सांगितलं की तुम्ही लहानपणी खुणा करायच्या टेबलावर बाबांशेजारी बसायचात, कपड्यांवरच्याच खुणा जोडून जोडून तुम्ही दोघं त्या भाषेत एकमेकांना काहीबाही लिहायचात, इस्त्रीच्या फळीच्या खालच्या बाजूला खडूने, आणि मग खदखदून हसायचात. ती विचारायची काय लिहिलंय, तर तुम्ही सांगायचा नाहीत. तिला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणजे हिशोब असा होतो की या लिपीचे जगात एकूण दोन वाचक आहेत, आणि ते दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. त्या बेटावरच्या फळ्या पुष्कळ बऱ्या म्हणायच्या.

तिसरा वाचक व्हायचं मी ठरवलं. दुकानातल्या जुन्या पट्ट्या, चादरींचे कोपरे, कॉलरींच्या आतल्या बाजू, सगळं पालथं घातलं आणि एकशे सतरा चिन्हं वहीत उतरवली. स्वच्छ प्रत केली. झटक्यानंतर डावा हात थरथरतो, त्यामुळे चिन्हांखाली शाईचे बारीक शिंतोडे उडालेले असायचे. ते मी अर्थातच गाळले. तीस वर्षांची सवय आहे, ओळीखाली फालतू ठिपका दिसला की माझं पेन आपोआप तो खोडतं. एकशे सतरापैकी सत्त्याण्णव चिन्हांचे अर्थ मी पंधरा दिवसांत लावले, म्हणजे त्र्याऐंशी टक्के. मोठमोठ्या पंडितांना पहिल्या पंधरवड्यात इतकं जमलेलं नाही.

पहिल्या पट्टीवर तीन चिन्हं होती: ज्वाळा, पाण्याची लाट आणि मोठ्या पोटाचा माणूस. लहान मुलालाही कळेल. आग, पाणी, शरीर: गरम पाण्याने आंघोळ! आम्ही त्याच दिवशी सुरू केली. दिवसातून दोनदा, मी आणि धाकटी, चांगलं कढत पाणी, पाठ घासून. बाबांनी पहिल्या दिवशी विरोध केला, तो मी संकोच धरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पट्टी लिहून दिली, तेव्हा मी पाणी आणखी कढत केलं. असं तीन आठवडे चाललं. बाबा उकडलेल्या बिटासारखे दिसू लागले आणि मला पाहिलं की स्टुलासकट मागे सरकायचे.

मग दुसरी पट्टी आली: जिना, मांजराच्या मिशा आणि अर्धं वर्तुळ. जिना म्हणजे वर. मिशा म्हणजे मांजर. अर्धं वर्तुळ म्हणजे चंद्र. म्हाताऱ्या माणसाला गच्चीवर बसून मांडीवर मांजर घेऊन चंद्र बघावासा वाटतो, यात न समजण्यासारखं काय आहे? (धाकटी म्हणाली, बाबांना मांजरं आवडत नाहीत, धुतलेल्या चादरींवर झोपतात म्हणून. मी म्हटलं, आजारपणात माणूस हळवा होतो.) संध्याकाळी अष्टमीचा चंद्र धरून मी आणि शेजारच्या चष्मेवाल्याने बाबांना खुर्चीसकट तीन मजले वर नेलं. मांजर बेकरीवाल्याचं, उसनं. ते बाबांच्या मांडीवर ठेवल्याबरोबर बाबांनी ते माझ्याकडे फेकलं, आणि मांजराने वाटेत जे पहिलं सापडलं ते धरलं. तो माझा गुडघा होता. चंद्र मात्र ठरल्याप्रमाणे डोक्यावर होता.

मध्येच दुकानातल्या ओलीचं एक प्रकरण झालं, ते थोडक्यात सांगतो. मांडणीच्या शेवटच्या कप्प्याखाली, नवव्या कप्प्याखाली, एका सकाळी पाण्याचं थारोळं दिसलं. मी नळवाला बोलावला. त्याने भिंत ठोकली, नळ उघडले, मिटले, आणि गळती नाही असं सांगितलं. तीन महिन्यांनी तिथेच पुन्हा थारोळं. मी त्याच नळवाल्याला चांगलंच फैलावर घेतलं. बाबा स्टुलावर बसून आमच्याकडे बघत होते, आणि त्यांची डावी बाही कोपरापर्यंत ओली होती. ही गोष्ट तेव्हा मला दिसली होती. पण मी गळती शोधत होतो, बाही नव्हतो शोधत.

आता या सगळ्यातला माझा सर्वांत अभिमानाचा क्षण. नुसतं वाचून काय होतं, लिहिताही यायला हवं. मी एका पट्टीवर बाबांच्याच लिपीत उत्तर लिहिलं: सूर्य, बिछाना, जिना. म्हणजे सगळं उत्तम आहे, निवांत पडून राहा, वर बसलेला बघतो आहे. बाबांच्या हातात ती पट्टी दिली. त्यांनी ती वाचली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचली. आणि अक्का, ते उठले, मांडणीतून ब्राउन कागदात बांधलेली तीन पुडकी काढली, माझ्या हातात दिली, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सांगायला मला लाज वाटत नाही. पुडक्यांत एक सुती कोट, तीन चादरी आणि कशिदा काढलेला एक देखणा टेबलक्लॉथ होता. जावयाला केलेला आहेर समजून आम्ही तो त्याच दिवशी टेबलावर घातला. कोट मी कामावर घालून गेलो. खांद्यात जरा घट्ट होता.

आठवड्याने पियानो शिकवणाऱ्या बाई, त्या कोपऱ्यावरच्या घरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात त्या, बाबांची चौकशी करायला आमच्याकडे आल्या. धाकटीने चहा ठेवला. बाईंनी कप उचलला आणि तो हातातच राहिला. त्या टेबलाकडे बघत होत्या. मग त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं की माझ्या आईने काढलेला हा टेबलक्लॉथ तुमच्याकडे कसा. (त्यावर एव्हाना चहाचा एक डाग होता. तो मी बशीने झाकला.)

हे चालू असतानाच दारात दुकानातल्या इस्त्रीवाल्या मावशी उभ्या राहिल्या. त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या त्या चार महिन्यांनी त्याच दिवशी परतल्या होत्या, आणि दुकानातून थेट आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना मोठ्या उत्साहाने वही दाखवली. मावशींना आपली अक्षरं वाचता येत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली, आणि म्हणाल्या, “अहो, ही तर गिऱ्हाइकं आहेत.”

जिना म्हणजे पियानोबाई, कारण त्यांच्याकडे कपडे पोचवायला शंभर पायऱ्या. मिशा म्हणजे मिशाळ चष्मेवाला (ज्याने बाबांना तीन मजले उचलून नेलं तोच. त्याचे दोन शर्ट चार वर्षं दुकानात पडून होते). अर्धं वर्तुळ म्हणजे अर्धा पाव, बेकरीवाला. ज्वाळा म्हणजे आगीच्या बंबावरून निवृत्त झालेला जवान, लाट म्हणजे टाकीजवळचं घर, मोठं पोट म्हणजे नोटरी. सूर्य म्हणजे टकलू फोटोग्राफर, ज्याचा कोट मी आठवडाभर घालत होतो. बिछाना म्हणजे लॉजवाली. मग मावशींनी माझ्या डब्यातल्या मूळ पट्ट्या पाहिल्या, वहीशी ताडल्या, आणि कपाळाला हात लावला. “आणि ठिपके कुठायत? ठिपके खाल्लेत होय तुम्ही?”

ते शिंतोडे नव्हते. बाबांच्या दुकानाची रीत अशी की न नेलेला कपडा टाकायचा नाही, विकायचा नाही, वापरायचा तर नाहीच नाही. दर तीन महिन्यांनी तो पुन्हा धुवायचा, पुन्हा इस्त्री करायची, आणि त्याच्या पट्टीवर खुणेखाली एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे कपडा अजून आहे, वाट बघतो आहे. दुकान जाणार हे कळल्यावर बाबा एवढंच सांगत होते की या माणसांचे कपडे माझ्याकडे आहेत, ते त्यांना पोचते करा, मग मी येतो. आणि आम्ही त्यांना आंघोळ घालत होतो. मी मावशींना विचारलं की हे तुम्ही आधी कधीच का सांगितलं नाही. तर म्हणाल्या, तुम्ही शिकलेले, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

यातून कोणी निष्कर्ष काढेल की माझं संशोधन चुकलं. तसं नाही. माझी पद्धत बरोबर होती, फक्त अर्थ चुकले. शिवाय जगातल्या कितीतरी लिप्यांचा उगम असाच माल कोणाचा हे सांगणाऱ्या खुणांतून झालेला आहे, तेव्हा माझा सिद्धान्त उलट बळकटच झाला. मी वहीचं नाव बदललं आणि कामाला लागलो. गेला आठवडाभर मी बाबांच्या पट्ट्या घेऊन दारोदार पुडकी पोचवतो आहे. बंबवाल्या जवानाला त्याचा गणवेशाचा कोट आता होत नाही, पण त्याने तो बटणं न लावता घातला आणि दारात माझ्यासमोर ताठ उभा राहिला. नोटरी वारले आहेत. त्यांच्या बायकोने शर्ट हातात घेतला, आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी पायपुसण्यावर उभा राहिलो. फोटोग्राफरला मी कोटाबद्दल काही बोललो नाही. तो म्हणाला, तुमच्या दुकानात कपडे किती ताजे राहतात हो, जणू कालच कोणी घातला असावा.

तर अशा रीतीने मांडणीचे आठ कप्पे रिकामे झाले आहेत आणि बाबा आता पोटभर जेवतात. राहिलं नवव्या कप्प्यातलं एक पुडकं. त्याच्या पट्टीवरची खूण कोणत्याही गिऱ्हाइकाची नाही असं मावशी म्हणतात. दोन पिळाच्या रेघा, शेजारी शेजारी, टोकाला गाठ. वहीत मी तिच्यापुढे ‘दोर, बंधन, किंवा साप (शंका आहे)’ असं लिहिलं आहे. एक किरकोळ पुडकं आहे, त्याने एवढ्या मोठ्या कामाला बाध येत नाही. बाबा मात्र अजून त्याच्यासमोर बसून आहेत. माझा निबंध तयार झाला की एक प्रत पाठवीन. सवड मिळाल्यास चार शब्दांची प्रस्तावना द्यावी, एवढीच विनंती. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि ज्यांचं वय माहीत नाही त्यांना जे लागू असेल ते.

आपला,
एकुलता एक जावई व लिपी-संशोधक
(तूर्त लॉन्ड्रीचा पोचवणारा)

ता. क. पत्र धाकटीने वाचलं. ती म्हणते त्र्याऐंशी टक्के खोडा. मावशींसमोर परत मोजणी केली तेव्हा बरोबर निघालेली चिन्हं शून्य होती, हे तिच्या आग्रहावरून नमूद करतो. ‘किरकोळ पुडकं’ या शब्दांवर तिने पेनाने इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला, म्हणून वरचं पान मी पुन्हा लिहून काढलं आहे, आणि ते शब्द मुद्दाम ठेवले आहेत, कारण मी कसा विचार करत होतो ते तुम्हाला कळावं. ती उठली आणि ट्रंकेतून एक जुना तपकिरी फ्रॉक घेऊन आली. तुमचा होता, मग तिचा झाला. तुमचे सगळेच फ्रॉक पुढे तिचे झाले. तो तिने उलटा केला. शिवणीत आतल्या बाजूला काळ्या शाईत दोन पिळाच्या रेघा, टोकाला गाठ. तिला आयुष्यभर वाटत होतं की ती दुकानाची खूण आहे. दोर नाहीत, साप नाहीत, अक्का. दोन वेण्या आहेत.

ता. क. दुसरा. पुडकं आम्ही उघडलं नाही, बाबांनी स्वतः उघडून दाखवलं. तुमचा पिवळा स्वेटर आहे. त्या दिवशी तो ओला होता, दोरीवर होता, म्हणून तुम्ही तो तसाच टाकून गेलात. मी तिथे होतो. मी शिडीवर चढून बल्ब बदलत होतो आणि तुम्ही दोघं खाली भांडत होता, मशिनांवरून, हाताने धुण्यावरून. तुम्ही जाताना म्हणालात, “तुमच्यामागे हे कोंबडीचे पाय वाचणार कोण आहे? मी तर नाही.” बल्ब दोन मिनिटांत बसला होता. मी तुम्ही जाईपर्यंत चाळीस मिनिटं वरच राहिलो. मी उतरायला हवं होतं. त्यानंतर विद्यापीठातून एक बाई आल्या होत्या, बाबांना विचारायला, की तुमची भाषा आता किती जण बोलतात. बाबांनी दोन बोटं दाखवली, आणि थोड्या वेळाने त्यातलं एक मिटलं. हे मी तुम्हाला कधी कळवलं नाही, तेही कळवायला हवं होतं. स्वेटर बाबांच्या हातचा धुतलेला असल्यामुळे सूतभरही आटलेला नाही. पट्टीवर चव्वेचाळीस ठिपके आहेत, मावशींनी मोजले. शेवटचे दोन वाकडे आहेत, ते डाव्या हाताचे. नळवाल्याची मी माफी मागितली आहे.

ता. क. तिसरा. मी बाबांना खुणेने विचारलं की स्वेटर मी तुमच्याकडे पोचवू का. त्यांनी मान हलवली: नाही. दुकानाची दुसरी रीत मला आता कळली आहे, तुम्हाला ती आधीपासून माहीत आहे. गिऱ्हाईक नवं असो की जुनं, पट्टी कात्रीने कापायची नाही, हाताने फाडायची. अर्धी कपड्याला, अर्धी गिऱ्हाइकाला. दोन्ही फाटक्या कडा जुळल्या की कपडा हातात. काल सकाळी बाबांनी एक नवी पट्टी लिहिली, एक टोक दातांत धरून डाव्या हाताने ती मधोमध फाडली, एक अर्धं स्वतःच्या खिशात ठेवलं आणि एक माझ्या हातात दिलं. ते सोबत पाठवतो आहे. दुकान तीस तारखेपर्यंत आहे, सकाळी नऊ ते सहा. पट्टीवर वर दोन वेण्या आहेत आणि त्यांच्या शेजारी तीन चिन्हं आहेत, जी कोणत्याही गिऱ्हाइकाची नाहीत. मावशींना ती येत नाहीत, धाकटीला येत नाहीत. मला त्यांचे चांगले चार अर्थ सुचले आहेत, पण मी एकही लिहीत नाही. त्यांची प्रतही करून घेतलेली नाही, आहे ते तुमच्या हातात आहे. खाली जे काळं दिसतंय ते डाग नाहीत.